चाप ओढल्यावर आत नेमकं काय घडतं? एअर गनची झडप विजेवर उघडणाऱ्या सोलेनॉइडची गोष्ट

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं, आणि दोन दिवस अख्ख्या कोल्हापूरच्या स्टेटसवर दुसरं काही दिसत नव्हतं.

कुस्ती आणि फुटबॉलचं वेड असलेल्या या जिल्ह्याने नेमबाजीतही मोठी नावं दिली आहेत. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यामुळे आज कोल्हापुरात एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलीने ‘मला शूटिंग लावायचंय’ असं घरी सांगितलं, तर कुणाला नवल वाटत नाही.

या मुलांची सुरुवात जवळपास नेहमीच १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलपासून होते. यात बारूद नसते, काडतूस नसतं. छर्रा पुढे ढकलते ती फक्त दाबाखालची हवा. पण ती हवा नेमक्या क्षणी, नेमक्या मापात सोडायची कशी? गेली अनेक वर्षं काही स्पर्धेच्या पिस्तुलांत हे काम वीज करते. बोट फक्त एक बटण दाबल्यासारखं काम करतं आणि पुढचं सगळं सोलेनॉइड नावाचा एक छोटा भाग पार पाडतो. हा सोलेनॉइड काय असतो, तो कसा चालतो, त्याचा फायदा काय आणि तो रुसला तर काय होतं, ते पाहूया.

आधी समजून घेऊ, एअर गन चालते कशी?

जत्रेत फुगे फोडायला मिळते ती एअर गन आठवा. नळी मोडून परत सरळ करताना आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, तिच्या पुढचा दट्ट्या झपकन पुढे जातो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि छर्रा बाहेर पडतो. ही रचना स्वस्त आणि दणकट आहे. पण जड दट्ट्या पुढे आदळताना अख्खी बंदूक हलते, आणि तीही छर्रा अजून नळीत असताना. फुगा फोडायला हे चालतं, ऑलिंपिकला चालत नाही.

स्पर्धेच्या आजच्या बंदुका वेगळ्या असतात. त्यांना नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात आधीच हवा भरून ठेवलेली असते, साधारण २०० बार दाबापर्यंत. हा दाब किती? मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे टायरच्या जवळजवळ नव्वद पट. हवा वापरली जाते तसा सिलिंडरमधला दाब उतरत जातो, म्हणून मध्ये एक रेग्युलेटर बसवलेला असतो. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरसारखंच त्याचं काम. सिलिंडरमध्ये कितीही दाब असो, पुढच्या छोट्या कप्प्यात तो ठरलेल्या दाबानेच हवा सोडतो.

या कप्प्याच्या तोंडाशी एक झडप असते. झडपेच्या मागे दाबाखालची हवा, पुढे नळी आणि नळीत छर्रा. झडप क्षणभर उघडली की हवा नळीत घुसते, छर्रा सुटतो आणि झडप पुन्हा बंद होते. ती उघडी राहण्याचा काळ मिलिसेकंदांत मोजावा लागतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. पिस्तुलात हा वेग थोडा कमी असतो. म्हणजे चाप सुटल्यापासून १० मीटरवरच्या कागदाला भोक पडेपर्यंत सेकंदाचा दहावा भागही जात नाही. पण या एवढ्याशा वेळातच सगळा खेळ असतो.

झडप उघडणं एवढं अवघड का?

दाबाखालची हवा झडपेला मागून दाबून धरते, म्हणून ती घट्ट बंद राहते. समजा झडपेच्या तोंडाचा व्यास ५ मिलिमीटर आहे आणि कप्प्यात ७० बार दाब आहे. हिशेब केला तर त्या इवल्याशा झडपेवर जवळजवळ १४ किलो वजन ठेवल्याइतका जोर असतो. ती बोटाने सरळ उघडायची म्हटलं तर बंदूक हलल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून यात एक जुनी युक्ती वापरतात. झडपेच्या मागे एक छोटा हातोडा असतो, त्याला हॅमर म्हणतात. बंदूक भरताना हा हॅमर स्प्रिंगविरुद्ध मागे ओढून एका खाचेत अडकवला जातो. चाप ओढला की खाच निसटते, हॅमर धावत जाऊन झडपेच्या दांडीला ठोका देतो आणि झडप क्षणभर उघडते. खिळा हाताने दाबून लाकडात जात नाही, हातोडीच्या एका ठोक्याने जातो. तसाच हा प्रकार.

आता अडचण त्या खाचेत आहे. हॅमरच्या स्प्रिंगचा सगळा ताण या खाचेवर येतो. चाप ओढताना दोन धातूंचे कंगोरे एकमेकांवर घासत सरकतात आणि मग निसटतात. चांगल्या कारखान्यात हे कंगोरे आरशासारखे घासून गुळगुळीत केलेले असतात, मध्ये तरफा घालून ताण कमी केलेला असतो. तरी घर्षण ते घर्षणच. धूळ बसते, तेल सुकतं, हजारो नेमांनंतर कडा झिजते, आणि चापाची ‘चव’ बदलते. रोज शे-दोनशे नेम धरणाऱ्या खेळाडूच्या बोटाला हा फरक लगेच कळतो.

ही खाच बोटाऐवजी विजेने सोडवली तर? इथेच सोलेनॉइड कामाला येतो.

सोलेनॉइड म्हणजे काय?

नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे. पोकळ नळीवर तांब्याच्या बारीक तारेचे शेकडो वेढे गुंडाळायचे. नळीत एक लोखंडी दट्ट्या सैल ठेवायचा. तारेतून वीज सोडली की ते वेटोळं चुंबक बनतं आणि दट्ट्याला आत खेचतं. वीज बंद केली की चुंबकत्व जातं आणि छोटी स्प्रिंग दट्ट्याला परत जागेवर आणते. विजेचं थेट एका सरळ हालचालीत रूपांतर. हा शब्द आला तो पन्हळ किंवा नळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

तुमच्या घरात सोलेनॉइड नक्की असेल. ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पाणी भरताना ‘खट्’ असा आवाज करतं, तो सोलेनॉइडच्या झडपेचा. पाण्याच्या फिल्टरमध्ये टाकी भरल्यावर पाणी बंद करणारी झडप तीच. ‘टिंग-टाँग’ वाजणाऱ्या जुन्या बेलमध्ये पट्टीवर आपटणारा दट्ट्या तोच.

आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं याचं सगळ्यात भारी उदाहरण इचलकरंजीत आहे. तिथल्या एअरजेट मागांवर धोटा नसतो. आडवा धागा हवेच्या झोताने या टोकापासून त्या टोकापर्यंत उडवला जातो. वाटेत ओळीने छोट्या नळ्या असतात आणि धागा पुढे जाईल तशी एकेक नळी आपला झोत सोडत जाते. प्रत्येक झोत काही मिलिसेकंदांचा आणि तो सोडणारी झडप सोलेनॉइडची. मिनिटाला शेकडो वेळा, पाळीमागून पाळी. एक झडप जरा उशिरा उघडली तर धागा अडखळतो आणि माग थांबतो.

दाबाखालची हवा, विजेची झडप आणि मिलिसेकंदांचा हिशेब. एअरजेट मागात जे धाग्याचं होतं, तेच एअर गनमध्ये छर्ऱ्याचं होतं.

एअर गनमध्ये सोलेनॉइड लावायच्या दोन पद्धती

*पहिली पद्धत: सोलेनॉइड फक्त खाच सोडवतो.* हॅमर आणि स्प्रिंग नेहमीसारखीच राहते. झडपेला ठोका स्प्रिंगच्या जोरावरच बसतो. सोलेनॉइडचं काम एवढंच की अडकवून ठेवलेला हॅमर मोकळा करायचा. यासाठी जोर थोडाच लागतो, म्हणून सोलेनॉइड लहान असला तरी चालतो आणि बॅटरीही लहान पुरते. पिस्तुलाच्या मुठीत मावेल अशी ही रचना आहे.

*दुसरी पद्धत: सोलेनॉइडच झडपेला ठोका देतो.* इथे अडकवायची स्प्रिंग नाही आणि खाचही नाही. वीज मिळाली की सोलेनॉइडचा दट्ट्याच वेगाने जाऊन झडपेवर आदळतो. इंग्लंडच्या डेस्टेट कंपनीने या पद्धतीच्या रायफली बनवल्या. यात एक मोठी सोय आहे. आतली चिप सिलिंडरमधला दाब मोजते आणि त्याप्रमाणे सोलेनॉइडला वीज किती द्यायची ते ठरवते. दाब उतरला तरी प्रत्येक छर्ऱ्याचा वेग जवळपास सारखा ठेवता येतो. पण त्यासाठी सोलेनॉइड मोठा हवा, बॅटरी तगडी हवी, आणि दट्ट्या जड असल्याने धक्काही थोडा जास्त बसतो.

दोन्ही पद्धतींत चाप मात्र एकाच प्रकारे चालतो. तो आता खाच ओढत नाही, फक्त एक स्विच चालू करतो. पुढचा क्रम असा:

१. बंदूक सुरू केली की बॅटरी एका कपॅसिटरमध्ये वीज साठवते.
२. चाप ठरलेल्या जागेपर्यंत आला की स्विच लागतो.
३. कपॅसिटर साठवलेली सगळी वीज एका दमात सोलेनॉइडच्या वेटोळ्यात सोडतो.
४. वेटोळं चुंबक बनतं, दट्ट्या हलतो, आणि हॅमर सुटतो किंवा झडपेवर थेट ठोका बसतो.
५. झडप उघडते, हवा नळीत जाते, छर्रा सुटतो.

मधला कपॅसिटर कशाला, असा प्रश्न पडेल. छोट्या बॅटरीतून एका क्षणात भरपूर वीज मिळत नाही. त्यात तारेच्या वेटोळ्याचा स्वभाव असा की ते प्रवाहातला अचानक बदल लवकर मान्य करत नाही. प्रवाह वाढायला थोडा वेळ लागतो आणि तेवढा वेळ दट्ट्या जागचा हलत नाही. हा वेळ कमी करायचा तर सुरुवातीलाच जास्त व्होल्टेजचा जोरदार धक्का द्यावा लागतो. उन्हाळ्यात नळाच्या बारीक धारेखाली बादली भरून ठेवतात आणि मग एकदम ओततात. कपॅसिटर म्हणजे ती बादली.

एवढा खटाटोप कशासाठी?

आकडे पाहिले की लक्षात येतं. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनच्या टोकाने काढलेल्या बिंदूएवढा. त्याभोवतीचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने मोठं होत जातं. म्हणजे छर्रा अडीच मिलिमीटर सरकला की एक गुण गेला.

आता हेच बंदुकीच्या बाजूने पाहा. मागचं भोक आणि पुढची माशी यांत पाऊण मीटर अंतर धरलं, तर लक्ष्यावरचे अडीच मिलिमीटर म्हणजे माशीपाशी ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी. दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी हालचाल आणि एक गुण साफ. पिस्तुलाचं लक्ष्य मोठं असतं, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. पण पिस्तूल एका हाताने, तेही हात लांब करून धरायचं असतं आणि त्याची माशी मागच्या खाचेच्या जवळ असते. त्यामुळे हिशेब फार काही सोपा होत नाही.

त्यात एअर पिस्तुलाच्या चापाचं किमान वजन नियमाने ५०० ग्रॅम ठरलेलं आहे. स्पर्धेपूर्वी हे तपासतात. पिस्तूल नळी वर करून धरतात, चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं जायच्या आत चाप सुटला तर पिस्तूल नापास. रायफलला अशी किमान मर्यादा नाही, म्हणून रायफलवाले चाप अगदी हलका ठेवतात. पिस्तूलवाल्याला मात्र दीड किलोपर्यंतच्या पिस्तुलाचा चाप अर्धा किलो जोराने ओढायचा असतो आणि तरी माशी केसभरही हलू द्यायची नसते. इलेक्ट्रॉनिक चापाची खरी मागणी पिस्तुलांत आहे ती यामुळेच. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीचं सीएम १६२ ईआय आणि ऑस्ट्रियाच्या स्टायरचं इव्हो १० ई ही त्यातली माहितीतली नावं.

फायदे कोणते?

चापावर हॅमरच्या स्प्रिंगचा ताण येत नाही. चापाचं वजन आणि झडपेचा ठोका या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या होतात. एक बदलली तर दुसरी बिघडत नाही.

पहिल्या नेमाला चाप जसा सुटला तसाच दहा हजाराव्या नेमालाही सुटतो, कारण झिजायला कंगोराच नाही.

सराव सोपा होतो. नेमबाज रोज बराच वेळ छर्रा न घालता ‘कोरडा’ सराव करतात. साध्या पिस्तुलात त्यासाठी दरवेळी चाप पुन्हा चढवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पिस्तुलात नुसता ‘टक्’ होतो आणि पुढच्या नेमाला तयार.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. वीज वेगवान असते म्हणून छर्रा लवकर सुटतो, असं नाही. वेटोळ्यात प्रवाह वाढायला आणि दट्ट्या हलायला वेळ जातोच. चांगली यांत्रिक बंदूक वेगात इलेक्ट्रॉनिकपेक्षा मागे राहत नाही. फायदा आहे तो एकसारखेपणाचा.

आणि सोलेनॉइडच्या भरवशावर असताना बिघाड झाला तर?

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिक, महिलांची १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरी. ७५ मिनिटांत ६० नेम. हरियाणाच्या मनू भाकरने पहिल्या दहा नेमांत ९८ गुण मिळवले होते. दुसऱ्या मालिकेत पिस्तुलाने दगा दिला.

सुरुवातीच्या बातम्यांत ‘इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला’ असं आलं. तिच्यासोबत असलेले प्रशिक्षक रौनक पंडित यांनी नंतर सांगितलं की पिस्तूल भरायचा खटका, म्हणजे कॉकिंग लिव्हर तुटला होता. छर्राच भरता येईना. तो बदलायचा तर मूठ काढा, मुठीतलं सर्किट बाहेर काढा, खटका बदला, सगळं परत बसवा. घड्याळ तेवढा वेळ चालूच होतं. सतरा-अठरा मिनिटं त्यात गेली आणि परत आल्यावर उरलेले नेम घाईने मारावे लागले. एकूण गुण ५७५, क्रमांक बारावा. अंतिम फेरी फक्त दोन गुणांनी हुकली.

मूळ दोष सोलेनॉइडचा नव्हता, खटक्याचा होता. पण एक साधा यांत्रिक भाग बदलायला आधी सर्किट उपसावं लागलं, आणि तिथे मिनिटं गेली. जितकी वस्तू नाजूक आणि गुंतागुंतीची, तितकी ऐनवेळची दुरुस्ती अवघड. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ऐन पाळीच्या दिवशी उघडून बसलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मनू भाकरने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्य जिंकलं आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटात दुसरं कांस्य मिळवलं, हे सगळ्यांना माहीत आहेच.

इलेक्ट्रॉनिक पिस्तुलाला काही बारीकसारीक सवयी लावून घ्याव्या लागतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅटरी तपासायची. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, कारण तारांच्या जोडांना गंज चढला की वीज अडखळते. सुटा खटका आणि जादा बॅटरी जवळ ठेवायची. घाम मुठीतून आत झिरपू द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिस्तूल बंद केल्याशिवाय ते उघडायचं नाही, कारण कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असू शकते.

नव्या मुलाला कोणती घेऊन द्यावी?

दुधाळी रेंज असो की गावातला एखादा छोटा क्लब, पालकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. परदेशी स्पर्धा-पिस्तुलाची किंमत लाखाच्या घरात जाते आणि इलेक्ट्रॉनिक प्रकार साध्यापेक्षा महागच पडतो. शिकणाऱ्याला त्याची गरज नसते. पहिली दोन-तीन वर्षं मुलाला शिकायचं असतं ते उभं राहणं, श्वास रोखणं, माशीवर नजर ठेवणं आणि चाप हळूहळू मागे घेणं. हे चांगल्या यांत्रिक पिस्तुलावर तितकंच येतं, काहींच्या मते जास्त चांगलं येतं, कारण त्यात चाप सुटण्याचा क्षण बोटाला नीट जाणवतो. दोन्ही प्रकारच्या पिस्तुलांनी मोठ्या स्पर्धांत पदकं जिंकली आहेत. त्यामुळे आधी क्लबच्या पिस्तुलावर सराव, गुण स्थिर झाले की स्वतःचं यांत्रिक पिस्तूल, आणि राज्य-राष्ट्रीय पातळीवर पोचल्यावर प्रशिक्षकाशी बोलून इलेक्ट्रॉनिकचा विचार, हा क्रम खिशालाही परवडतो.

जुनं पिस्तूल विकत घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आवर्जून पाहा. हे सिलिंडर साधारण दहा वर्षांपर्यंतच वापरायचे असतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाबाची वस्तू तोंडाजवळ धरायची असते हे विसरून चालणार नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागतो. स्पर्धेच्या १० मीटर बंदुका यात सहज बसतात. त्यांच्या छर्ऱ्याची ऊर्जा सहा ते आठ जूलच्या आसपास असते. म्हणजे त्या परवान्याशिवाय घेता येतात, पण विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं.

इथे एक धोक्याची जागा आहे. बाजारात सोलेनॉइड सहज मिळतो, व्हिडिओही भरपूर आहेत, आणि हौशी मुलाला वाटतं की घरच्या एअर गनला आपणच विजेचा चाप लावावा. यात तीन गोष्टी बिघडू शकतात. एक, झडप जास्त वेळ उघडी राहिली तर छर्ऱ्याची ऊर्जा वाढते, आणि २० जूलची रेघ ओलांडली की ती वस्तू कायद्याने विनापरवाना शस्त्र ठरते. दोन, स्विच अडकला किंवा तार सैल झाली तर चापाला हात न लावता बंदूक सुटू शकते. कंपनीच्या पिस्तुलात हे टाळायला वेगळी व्यवस्था केलेली असते, घरच्या जोडणीत ती नसते. तीन, उच्च दाबाच्या सिलिंडरची जोडणी कमकुवत झाली तर तिचे तुकडे छर्ऱ्यापेक्षा जास्त इजा करतात. सोलेनॉइड कसा चालतो हे हाताने करून पाहायचंच असेल, तर कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पाण्याची झडप किंवा दाराचं कुलूप करा. विज्ञान तेच आहे आणि डोळा शाबूत राहतो.

‘खेळण्यातली बंदूक’ हा शब्दही सोडून द्यायला हवा. सहा जूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. पक्ष्यांवर एअर गन चालवणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली शिकारीचा गुन्हा ठरू शकतो, मग ती बंदूक विनापरवाना चालणारी का असेना.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

*इलेक्ट्रॉनिक चाप स्पर्धेत चालतो का?*
चालतो. त्याचे सगळे भाग बंदुकीच्या आतच पक्के बसवलेले असले पाहिजेत आणि चाप खेळाडूच्या हातानेच चालला पाहिजे. किमान वजनाचा नियम त्यालाही लागू आहे.

*स्वप्नील कुसाळेची रायफल अशीच होती का?*
त्याचा पदकाचा प्रकार ५० मीटरचा आहे. त्यात हवा नसते, .२२ ची लहान काडतुसं वापरतात. त्या रायफलीत झडपच नसते, त्यामुळे झडप उघडायचा प्रश्नही येत नाही.

*बॅटरी स्पर्धेच्या मध्येच संपली तर?*
चाप चालत नाही. सोलेनॉइडला वीज मिळाली नाही तर हॅमर सुटत नाही. म्हणून जादा बॅटरी किंवा पूर्ण चार्ज केलेलं पिस्तूल ही खेळाडूचीच जबाबदारी असते.

*सोलेनॉइडमुळे गुण वाढतात का?*
नेम चुकत असेल तर नाही. नेम बरोबर असताना चाप ओढण्याच्या क्षणी हात हलत असेल, तर तेवढा भाग सुधारू शकतो. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक आधी शिष्याचा हात पाहतात आणि मग पिस्तुलाची निवड सुचवतात.